सन १९३७ ची निवडणूक : जिल्ह्याजिल्ह्यांचा कौल

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे एक काम सोपविले होते. सन १९३७ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची जी निवडणूक झाली, तीत कोणत्या जिल्ह्यातून कोण निवडून आले आणि त्यांत आपल्या ज्ञातीचे किती, असा एक तक्ता करून द्यावा, असे ते काम होते. आम्ही हयातभर प्राथमिक शाळेत मुलांना इतिहास शिकविला. हे काम आठ दिवसांचे आहे, अशा समजुतीने आम्ही ते पत्करले. आठ दिवसांचे तीन महिने झाले आणि तक्ता काही झाला नाही. त्याऐवजी हा लेख झाला. संपादकांनी तो रागावून परत केला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयाकडे वळतो.

ब्रिटिश पार्लमेंटने १९३५ साली हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा जो कायदा केला, त्यान्वये अकरा प्रांतांना अंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी त्या प्रांतांतून निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात फेब्रुवारी महिन्यात मतदान झाले. तत्पूर्वी, १९३६ च्या एप्रिलपासून सिंध वेगळा प्रांत झाला होता. राहिलेल्या इलाख्यात गुजरातचे पाच जिल्हे, म्हणजे अहमदाबाद, खेडा, पंचमहाल, भडोच व सुरत. कोकणपट्टीत ठाणे, कुलाबा, रत्नागिरी व कारवार. देशावर पूर्व व पश्चिम खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सातारा व सोलापूर. दक्षिणेस बेळगाव, विजापूर व धारवाड. आणि मुंबई शहर व त्याची उपनगरे, एवढा मुलूख होता. वऱ्हाड-नागपूरची मराठी माणसे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळासाठी मत देत होती. तेथे ११२ पैकी ७० जागा काँग्रेसने जिंकल्या. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली, कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध ही संस्थाने, गोमंतक पोर्तुगीजांकडे. तेथील मराठी माणसाला या निवडणुकीत मतच नव्हते. तेव्हा ‘महाराष्ट्राचा कौल’ हा शब्दप्रयोग आपण करतो खरा, परंतु तो कौल देणारा महाराष्ट्र बारा-तेरा जिल्ह्यांचा होता, हे ध्यानी असावे.

आणि त्या जिल्ह्यांतही मत होते कोणाला? ह्या प्रश्नापाशीच आमचा तक्ता पहिल्यांदा अडखळला. प्रौढ मतदान तेव्हा नव्हते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. मुंबई इलाख्यात ज्याच्या जमिनीचा आकार आठ रुपये वा अधिक, तो मतदार. शहरात ठरावीक घरभाडे देणारा मतदार. मॅट्रिक झालेला मतदार. पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई मतदार. अस्पृश्य वर्गासाठी अट सैल होती. ज्याला लिहिता-वाचता येते, किंवा जो गावकीचे काम करतो, त्यालाही मत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावकीने माणसांना वेठीस धरले, तीच मतदार होण्याची पात्रता ठरली, हा योगायोग विलक्षण होय.

आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. १९३७ साली असतो तर एवढ्या दाखल्यावर आम्हांला मत मिळाले असते. आमच्या घरी मात्र तेव्हा मॅट्रिक कोणी नव्हते. आमचे गाव कृष्णाकाठचे, सातारा जिल्ह्यातले. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, दोघे एकाच औताचे, एकाच ताटातले. जमीन एक, कष्ट एक. परंतु सातबाऱ्यावर खातेदार म्हणून थोरल्याचे नाव. म्हणून मतदारयादीत आजोबांचे नाव आले आणि तात्यांचे आले नाही. आजीच्या नावाचा तर प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. मतदानाच्या दिवशी दोघे भाऊ तीन कोस चालत केंद्रावर गेले. आजोबा आत गेले, आणि तात्या बाहेर चिंचेच्या झाडाखाली त्यांचे जोडे व पटका सांभाळीत बसून राहिले. ‘मला मत नव्हते, पण जोड्यांना राखण मीच होतो,’ असे ते आम्हांला हसत सांगत. लहानपणी आम्हीही हसत असू.

आता जागांची वाटणी. कायदेमंडळाच्या एकूण जागा १७५. त्यांपैकी सर्वसाधारण ११४, आणि त्यांतच १५ अस्पृश्यवर्गीयांसाठी व ७ मराठा व तत्सम ज्ञातींसाठी राखीव. मुसलमानांच्या २९ जागा वेगळ्या मतदारसंघाच्या. स्त्रियांच्या ६. मजुरांच्या ७. बाकीच्या व्यापारी, जमीनदार, युरोपियन, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, विद्यापीठ अशा वाटल्या होत्या. इंग्रज सरकारने माणसांची मोजदाद अशा खणाखणांतून केली होती, हे ह्या यादीवरून दिसून येईल. आमच्या संपादकांनी मागितलेला तक्ता ह्याच खणांच्या धर्तीचा होता, हे आम्हांला काम करता करता उमगले.

राखीव जागांची रीत आज अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ती थोडी फोड करून सांगतो. १९३२ च्या पुणे करारान्वये अस्पृश्यांचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. उमेदवार चारांहून अधिक असतील, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जण निवडायचे आणि मग सर्व हिंदूंनी मिळून त्यांतला एक. यात भीती अशी होती की, बहुसंख्य मतदार आपल्या सोयीचा मनुष्य निवडून आणतील. परंतु मुंबई इलाख्यात एक सवलत होती. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला, आणि ती सारी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा. अल्पसंख्य मतदारांनी आपली सर्व मते एका नावावर एकवटली, तर संयुक्त मतदारसंघातही ते आपला मनुष्य निवडून आणू शकत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने ह्या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. पक्ष सहा महिन्यांचा, पैशाचे बळ नाही, तरी १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आले. त्यांत राखीव जागांवरचे ११ होते.

जिल्हावार पाहू गेल्यास नाशिकमधून भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड, अहमदनगरमधून प्रभाकर जनार्दन रोहम, पूर्व खानदेशातून दौलतराव गुलाजी जाधव, पुण्याहून राजाराम रामजी भोळे, साताऱ्याहून खंडेराव सावंत, सोलापूरहून जीवाप्पा ऐदाळे, बेळगावहून बळवंत हणमंत वराळे, असे देशावरचे व दक्षिणेचे बहुतेक जिल्हे ह्या पक्षाच्या यादीत आले. ज्या खानदेशात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच पूर्व खानदेशातून अवघ्या दोन महिन्यांनी काँग्रेसेतर जाधव निवडून आले, हेही नोंदवून ठेवावेसे वाटते.

गुजरातविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. तेथे सर्वसाधारण जागांवर काँग्रेसची लाट होती आणि बारडोलीच्या मुलखात ती असायचीच. कर्नाटकच्या जिल्ह्यांतही काँग्रेसचेच पारडे जड राहिले. मुसलमानांच्या जागांपैकी मुस्लिम लीगला सुमारे वीस मिळाल्या. जमनादास मेहता प्रभृतींच्या लोकशाही स्वराज्य पक्षाच्या पदरी मूठभर जागा पडल्या. काँग्रेसचा आकडा ८६ असा दिला जातो, म्हणजे बहुमतास दोन कमी.

मुंबई शहराची एक लढत मात्र सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. भायखळा-परळ ह्या गिरणगावच्या मतदारसंघातून स्वतः बाबासाहेब उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना. आजच्या मुलांना हे नाव सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. १९११ साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, तेव्हा शंभरावर बळी घेणारा हाच गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेला हा खेळाडू पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळे, तेव्हा मैदानावर सर्वांच्या खांद्याला खांदा आणि चहा मात्र पव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. तरुणपणी आंबेडकरांना ह्या बाळूंचा मोठा अभिमान होता. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. असे हे दोन पुरुष १९३७ साली समोरासमोर आले आणि आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली. फरक २,०२० मतांचा. ह्या लढतीत कोणी जिंकावे याविषयी आमच्या मनात शंका नाही. कायदेमंडळात त्या वेळी आंबेडकरच हवे होते. तरीही बाळूंची मते वाचताना आम्ही क्षणभर थांबतो. तक्त्यात ही लढत कोणत्या खणात टाकायची? दोघे एकाच राखीव वर्गाचे, दोघांच्या ज्ञाती निराळ्या, आणि मते देणाऱ्यांत तर सर्व ज्ञातींचे गिरणीकामगार.

साताऱ्याकडे वळतो, कारण तेथे आमच्या घरचाही थोडा धागा गुंतलेला आहे. सातारा हा त्या काळी ब्राह्मणेतर चळवळीचा बालेकिल्ला. तिचे एक वजनदार पुढारी सर धनजीशहा कूपर. ज्ञातीने पारशी, धंद्याने कारखानदार. त्यांचा लोखंडी नांगर साऱ्या जिल्ह्यात पोहोचला होता. हीच चळवळ १९३० नंतर दुभंगली. पुण्याचे केशवराव जेधे काकासाहेब गाडगीळांच्या जोडीने काँग्रेसमध्ये गेले. शाहू महाराजांचे चरित्रकार व कोल्हापूरचे माजी दिवाण अण्णासाहेब लठ्ठे यांनीही तोच मार्ग धरला. कूपरसाहेब व त्यांचे साथी सरकारच्या बाजूने राहिले. म्हणजे एकाच चळवळीतले, एकाच ज्ञातीसमूहाचे शेतकरी दोन्ही बाजूंना वाटले गेले.

काँग्रेसच्या गोटातही सारे आलबेल नव्हते. जिल्ह्यातील जुन्या पुढाऱ्यांची पसंती प्रतिष्ठित, पैसेवाल्या उमेदवारांकडे. तरुण कार्यकर्त्यांनी हट्ट धरला की, शेतकऱ्याच्या घरातला, तुरुंगवास भोगलेला मनुष्य उभा केला पाहिजे, आणि बोरगावचे आत्माराम पाटील यांचे नाव त्यांनी पुढे रेटले. ह्या तरुणांत त्या वेळी महाविद्यालयात शिकणारे यशवंतराव चव्हाण होते. त्यांनी ‘कृष्णाकाठ’ ह्या आत्मचरित्रात ही हकीकत सांगितली आहे. आत्माराम पाटील उभे राहिले आणि निवडून आले. खुद्द कूपरसाहेबही त्याच जिल्ह्यातून निवडून आले.

आजोबांनी कोणास मत दिले? त्यांनी ते उघडपणे कधी सांगितले नाही. परंतु तात्यांच्या सांगण्यावरून तर्क करता येतो. केंद्रावर जाताना वाटेत गावच्या एका बड्या असामीने आजोबांना गाठले आणि म्हटले, ‘शेतात नांगर कुणाचा चालतो, ते विसरू नका.’ घरात कूपरचाच नांगर होता. आजोबांनी उत्तर दिले, ‘नांगर पैसे मोजून घेतला आहे.’ एवढ्यावर संवाद संपला. तात्या हा प्रसंग सांगताना दर वेळी ते वाक्य दोनदा म्हणत.

आता कोकण. आमच्या नोकरीची पहिली नऊ वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात गेली. शाळा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर म्हातारी माणसे बसत, त्यांच्याकडून खोतीच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या. खोत म्हणजे सरकार व कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. भाताचा वाटा त्याचा, वेठ त्याची. कुळाच्या परड्यातल्या आंब्या-फणसावरही नजर त्याची. कुळे कुणबी, महार व इतर. खोत ब्राह्मण, मराठा, क्वचित मुसलमानही. १९३७ साली ह्या मुलखात स्वतंत्र मजूर पक्षाने सर्वसाधारण जागांवरही उमेदवार उभे केले, आणि कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतून अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस व शामराव परुळेकर हे तिघे निवडून आले.

हे तिघेही पांढरपेशा, सवर्ण घरांतले. टिपणीस महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले. चवदार तळे सर्वांना खुले करण्याच्या कामात पुढे असलेले. चित्रे त्याच महाडच्या सत्याग्रहातले कार्यकर्ते. परुळेकर मजुरांत काम करणारे. पुढे वारल्यांच्या लढ्यात त्यांचे नाव गाजले. ज्यांची मते त्यांना पडली, ते शेतकरी त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. कुणब्याने व महाराने मिळून एका कायस्थाला निवडून द्यावे, हे का घडले? ज्याच्या शेतावर खोताचा माणूस मापे घेऊन उभा राहतो, त्याला खोती जावी असे वाटते. आणि खोती घालवीन असे म्हणणारा कोण, एवढेच तो पाहतो. देवळाच्या पायरीवरच्या एका वृद्धाला आम्ही विचारले होते, ‘चित्र्यांची जात तुम्हांला ठाऊक होती का?’ तो म्हणाला, ‘ठाऊक नसायला काय झाले, गुरुजी? पण खोताची त्याहून जास्त ठाऊक होती.’

आमचा तक्ता ह्या उत्तरापाशी दुसऱ्यांदा अडखळला, आणि पुन्हा उठला नाही.

निकालानंतरची हकीकतही थोडी विचित्र आहे. गव्हर्नरने आपले विशेष अधिकार रोजच्या कारभारात वापरू नयेत, असे आश्वासन काँग्रेसने मागितले. ते मिळेपर्यंत अधिकार स्वीकारण्यास तिने नकार दिला. म्हणून १ एप्रिल १९३७ पासून अल्पमतातल्या कूपरसाहेबांचेच मंत्रिमंडळ आले. साताऱ्याचा मनुष्य मुंबई इलाख्याचा पहिला मुख्य प्रधान झाला, हे आज साताऱ्यातही कोणास फारसे आठवत नाही. त्याच मंत्रिमंडळात जमनादास मेहता होते. हे मंत्रिमंडळ जेमतेम साडेतीन महिने टिकले. पण त्या अवधीत, १० मे १९३७ रोजी, रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले बॅरिस्टर सावरकर मुक्त झाले. जुलैत काँग्रेसने अधिकार स्वीकारला आणि बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. मुंबईत ज्यांच्याकडे नेतृत्व जाईल असे पुष्कळांना वाटत होते, ते खुर्शेद नरिमन मागे पडले. त्यावरून जे वादळ उठले, ते महात्माजींपर्यंत गेले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते लठ्ठ्यांकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे, गृहखाते कन्हैयालाल मुनशींकडे होते.

कोकणच्या मतदारांनी ज्यासाठी मत दिले होते, ते काम लगेच पुढे आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली व इतर जिल्ह्यांतली हजारो कुळे मुंबईत उतरली आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. खेर मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांसाठी कुळकायदा केला, मुंबईत दारूबंदी आणली, ह्या गोष्टी आम्ही नाकारीत नाही. परंतु खोतीच्या बाबतीत त्यांचे पाऊल उचलले नाही, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. ज्यांनी १९३७ साली त्यासाठी मत दिले, त्यांच्यापैकी कित्येकांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही.

संपादकांना आमची विनंती एवढीच की, ‘आपल्या ज्ञातीचे किती’ हा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे, तो कोराच छापावा. निवडून आलेल्यांत आपले कोणी होते की नव्हते, हे ज्यांना शोधावयाचे आहे त्यांनी खुशाल शोधावे. मते देणाऱ्यांत मात्र आपल्या ज्ञातीची माणसे नक्की होती, आणि जोडे सांभाळीत बाहेर बसलेलेही होते. त्यांची गणती कोणत्याच कागदावर झालेली नाही.

तात्यांना मत मिळाले ते १९५२ साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्या दिवशी त्यांनी पहाटे उठून आंघोळ केली, धुतलेले धोतर नेसले आणि घरातल्या सर्वांच्या आधी ते निघाले. मतदानाचे केंद्र आता गावातच शाळेत होते. चालायचे होते शंभर पावले. आजी प्रथमच त्यांच्याबरोबर निघाली. केंद्राच्या दारात तात्या थांबले, पायांतले जोडे काढले, आणि मागून येणाऱ्या आजोबांना म्हणाले, ‘दादा, आज जरा राखण करा.’